कोयता निघाला, लेकरांचे काय?

बीडहून वडवणी, तेलगाव करीत एस.टी. धारूरच्या घाटाला लागली, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. समोरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर येत होते. ट्रॉलीत पेट्या, भांडी, शेळ्या आणि त्यांच्यावर बसलेली लेकरे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायला सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटक गाठायचे आणि पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढायचे.

घाटावरच्या एका वस्तीवर आम्ही उतरलो. एक माउली बोचके बांधीत होती. चौथीतली पोर दारात उभी होती.

"शाळेत हंगामी वसतिगृह आहे ना, बाई?" आम्ही विचारले.

"हाय म्हणत्यात, भाऊ. पण उघडायचं कधी? टोळी उद्या निघतीय."

दुसऱ्या दिवशी पोर दप्तर मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसली. आम्ही कारकुनी करणारी माणसे. फाईल पंधरा दिवस टेबलावर पडली तर आमचा पगार बुडत नाही. इथे लेकराचे वर्ष बुडते.

वाचकहो, हंगामी वसतिगृह हे कोणाचे उपकार नव्हेत. आईबाप तोडीला गेले की मागे राहिलेल्या लेकरांचे जेवण आणि मुक्काम तिथे होतो. ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. देखरेख जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेत प्रवेश देणे, ही कामे त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहेत. 2021 साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही काढली.

पण एक अडचण कागदावर दिसत नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तेच पालक कोयता घेऊन गेले, तर बैठकीला येणार कोण? वसतिगृह उशिरा उघडले, तर विचारणार कोण?

म्हणून गावात मागे राहणाऱ्या आजी-आजोबांनी, शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. दसऱ्याआधीच मुख्याध्यापकांकडे लेकरांची नावे लेखी द्यावीत व पोच घ्यावी. लेकरू सोबत न्यावेच लागले, तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल.

टोळी कोणासाठी थांबत नाही. वसतिगृहाचे कुलूप टोळी निघण्याआधी उघडले पाहिजे.