भिंतीवरचा डाग

पिंपरीतला आमचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा एजंटनं पहिल्याच फेरीत सांगितलं, "भाभी, अर्धं सामान हलवा. घर मोकळं दिसलं की मोठं वाटतं." ते पटलं. माळ्यावरची भांडी, बंद कूलर, मुलांच्या जुन्या वह्या भंगारवाल्याकडे गेल्या. खिडक्या पुसल्या, किचनच्या टाइल्सवरचा तेलकट थर सोड्यानं घासला, गेलेले बल्ब बदलले. स्वतःसाठी एवढा उजेड आम्ही वीस वर्षांत कधी केला नव्हता!

प्रश्न होता हॉलच्या भिंतीचा. आमचा मजला सगळ्यात वरचा. पावसाळ्यात टेरेसचं पाणी झिरपतं आणि कोपऱ्यातला रंग फुगून पोपडे निघतात. एजंट म्हणाला, "पुट्टी मारून एक हात द्या आणि ती मोठी फ्रेम इथं लावा." फ्रेम आयतुल कुर्सीची. मरहूम सासऱ्यांनी हजहून आणलेली.

ह्यांनी खिळा ठोकायला घेतला, तेवढ्यात सासूबाईंची तस्बीह थांबली. "अल्लाहच्या कलामाआड ऐब लपवणार का रे?"

ह्यांचा हात थांबला, पण चिडले. "अम्मी, सगळेच रंग देऊन विकतात. मुलीची फी कोण भरणार?" अम्मी पुन्हा तस्बीहकडे वळल्या. मला मात्र सहीह मुस्लिममधली हदीस आठवली. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर रसूलुल्लाह (स.) यांच्या बोटांना ओल लागली, तेव्हा भिजलेलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं होतं. आमच्याकडे तर ओलच होती. ह्यांनी ओळखीच्या वकिलांना फोन लावला, बहुधा अम्मींना गप्प करायला. त्यांनीही तेच सांगितलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं पाहूनही कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच हवा.

पहिलं कुटुंब आलं. चहा झाल्यावर मीच कोपरा दाखवला. "बघतो," म्हणाले आणि गेले ते गेलेच. एजंट दोन दिवस फोन उचलेना.

दुसऱ्या आल्या एक शिक्षिका. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, वॉटरप्रूफिंगचा खर्च विचारला आणि भाव साठ हजारांनी पाडून मागितला. हे रात्रभर हिशेब करत बसले. सकाळी त्यांना होकार कळवला.

फ्रेम अजून जुन्याच खिळ्यावर आहे. ती शेवटी उतरवायची, असं अम्मींचं म्हणणं.