काटा खरं बोलायला हवा

वीज दिसत नाही. मेलेली तार आणि जिवंत तार शेजारी शेजारी ठेवल्या, तर डोळ्यांना दोन्ही सारख्याच. वायरमन तारेला हात लावतो तो मीटरच्या काट्यावर भरवसा ठेवून. मीटर ठार बंद पडलं तर त्याची भीती नाही, ते आपण बाजूला ठेवतो. भीती वाटावी ती चालणाऱ्या पण खोटं सांगणाऱ्या मीटरची.

माझ्या पिशवीतलं काट्याचं मल्टिमीटर असंच बिघडलं. जिथं 230 व्होल्ट दिसायला हवेत तिथं काटा 190 वर थबके. काचेवर टिचकी मारली की दचकून पुढे सरके. पुन्हा लावलं की तिसराच आकडा. ओहमच्या पट्टीवर दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून झीरोची घुंडी कितीही पिळा, काटा शून्याला पोचेना. जो तो सांगे, टाका ते, आकड्यांचं नवं मीटर चार-पाचशेत येतं. येतं, आणि त्याचं कामही चांगलं असतं. पण पंख्याचा चांगला कपॅसिटर तपासताना काटा झेप घेतो आणि मग सावकाश माघारी येतो, त्या येण्यात कपॅसिटर भरत जाताना दिसतो. पळत्या आकड्यांत मला ते कधी दिसलं नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका माडीवर अशी मीटरं दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी मीटर हातात घेऊन आधी आडवं धरलं, मग उभं, मग कुशीवर. काटा तिन्ही वेळा शून्यावरच राहिला.

“पडलंय कधी?”

“नाही काका.”

“मग तोल शाबूत आहे. आत कचरा गेला असणार. बसा.”

त्यांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला, पंखा बंद केला आणि काच उतरवली. मी इतक्या जवळून ते यंत्र प्रथमच पाहत होतो. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये केसासारख्या तारेची इवलीशी चौकट, तिच्या दोन्ही अंगांना घड्याळातल्यासारख्या नाजूक स्प्रिंगा. चौकटीत वीज आत-बाहेर नेणं आणि काट्याला शून्यावर परत आणणं, दोन्ही कामं त्याच करतात. एका अँपिअरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग पुरतो; तेवढ्यात काटा पट्टीच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. जिथं इतक्या थोडक्यावर काम चालतं, तिथं लोखंडाचा एक कण चुंबकाला चिकटून वाट अडवतो. काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि चिकटपट्टीची बारीक कातरलेली कड त्या फटीत सरकवून असे दोन कण बाहेर काढले. कागदावर ते टाचणीच्या टोकाएवढेसुद्धा दिसत नव्हते.

ओहमचं दुखणं साधं निघालं. जुना सेल गळून पत्र्यावर हिरवट बुरशी चढली होती. पॉलिश पेपरनं घासून काकांनी पत्रा उजळवला आणि गंजलेली तार कापून नवी सोल्डर केली.

माझ्या मीटरसारखं एकाच डब्यात व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजावेत ही कल्पना ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या इंजिनिअरची. दुरुस्तीला निघताना वेगवेगळी उपकरणं वाहून नेण्याचा त्याला कंटाळा आला होता. त्याचं एव्होमीटर 1923 साली बाजारात आलं आणि त्याच घराण्यातलं ‘मॉडेल 8’ थेट 2008 पर्यंत बनत राहिलं. ते बंद झालं तेही मागणी संपली म्हणून नव्हे. सुटे भाग मिळेनासे झाले होते.

काच बसवल्यावरही काकांनी मीटर माझ्या हाती दिलं नाही. शेजारी त्यांचं स्वतःचं मीटर ठेवलं, जे ते चुनाभट्टीच्या ‘आयडेमी’ या सरकारी संस्थेतून कॅलिब्रेट करून आणतात. दोन्ही एकाच सॉकेटला लावली. काट्याखालच्या आरशाच्या पट्टीत काट्याचं प्रतिबिंब काट्याआड लपेपर्यंत डोळा सरळ आणला, कारण तिरप्या नजरेनं वाचलेला आकडाही चुकतोच. मग रेंज बदलून पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी म्हणाले, “आता न्या. याच्यावर हात टाकायला हरकत नाही.” त्यांनी मागितलेले पैसे नव्या मीटरपेक्षा फारसे कमी नव्हते. मला ते जास्त वाटले नाहीत. कुणाचा तरी हात शाबूत राहावा म्हणून दोन अदृश्य कण शोधत बसणाऱ्या माणसाची ती मजुरी होती.

वाचकहो, तुमच्याकडेही असं मीटर असेल. ते ‘लाइन बंद आहे’ म्हणालं, तरी तारेला हात लावण्याआधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर त्याला एकदा लावून बघा. तिथं काटा हलला तरच पहिल्या शून्यावर विश्वास ठेवा.