ब्राउनीच्या तयार मिश्रणातून कुकी
ब्राउनी म्हणजे पसरट भांड्यात भाजून वड्या पाडलेला, केकपेक्षा दाट आणि आतून ओलसर असा चॉकलेटचा अमेरिकन पदार्थ होय. तिच्या तयार मिश्रणाच्या खोक्यात साखर, मैदा, कोको व मीठ मोजून एकत्र केलेले असते. अंडी, तेल आणि पाणी मात्र घरच्यांनी घालायचे असते. ही विभागणी जुनी आहे. पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीने १९३३ मध्ये मिळवलेल्या पेटंटातील केकच्या मिश्रणात अंड्याची भुकटीही होती, तर १९३५ च्या पेटंटात ती वगळून ताजी अंडी गृहिणीवर सोपवण्यात आली. खोक्याबाहेर राहिलेल्या या ओल्या भागामुळेच त्याच मिश्रणातून कुकी करता येतात.

साधारण ५०० ग्रॅमच्या मिश्रणाला पाणी अजिबात न घालता, दोन अंडी, पाव ते एक तृतीयांश कप तेल आणि वरून पाव कप मैदा घातला, की ओतण्याजोगे सरसरीत मिश्रण न होता चमच्याने उचलता येईल असे चिकट पीठ तयार होते. मिश्रणात साखरेचे प्रमाण मोठे असते आणि ती उष्णतेने विरघळून पातळ होते. त्यामुळे अंड्यातील प्रथिने व मैद्यातील स्टार्च घट्ट होण्यापूर्वीच गोळे पसरू लागतात. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यास हे पसरणे कमी होते आणि हाताला चिकटणारे पीठ वळायलाही सोपे जाते. अंडी व साखर नीट फेटली गेली असल्यास वर पातळ, चकचकीत पापुद्रा धरतो आणि त्याला तडे जातात.

प्रत्यक्ष करून पाहणाऱ्याची खरी कसोटी पुढे लागते. नानकटाई झाली की नाही हे तिच्या बदलत्या रंगावरून कळते. इथे कोकोमुळे पीठ मुळातच काळपट असल्याने तो आधार उरत नाही. १७५ अंश सेल्सिअसला नऊ-दहा मिनिटांत कडा घट्ट होतात, मधला भाग मात्र कच्चाच वाटतो, आणि तो पक्का होण्याची वाट पाहिल्यास गार झाल्यावर कुकी कडक होतात. याचे कारण असे की ओव्हनमधून काढल्यावरही तापलेल्या ट्रेवर भाजण्याची क्रिया काही काळ चालू राहते, आणि विरघळलेली साखर गार होताना घट्ट होते. म्हणून पाच मिनिटे ट्रेवरच राहू देऊन मग कुकी जाळीवर काढाव्यात. घाईने उचललेली कुकी मोडते.

खोक्यावर छापलेली वेळ भांडेभर ब्राउनीसाठी असते, सुट्या गोळ्यांसाठी नसते. तेव्हा आधी दोन-तीनच कुकी भाजून पूर्ण गार झाल्यावर चाखाव्यात आणि उरलेल्या पिठाची वेळ त्यावरून ठरवावी.