विंचवाचं बिऱ्हाड, पियानो वगळून

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण सॅक्सोफोनवाल्याला चपखल बसते. वाद्य पेटीत, पेटी हातात, रीडचं पाकीट खिशात. मग विमानतळ कुठलाही असो. ड्रमवाल्याला हमाली जास्त, आणि माणसाएवढा डबल बास घेऊन फिरणाऱ्याची तर दयाच येते; पण वाद्य ज्याचं त्याच्याबरोबर असतं. पियानोवाला तेवढा मोकळ्या हातांनी उतरतो. त्याचं वाद्य पुढच्या गावी कुठल्याशा हॉटेलात त्याची वाट पाहत असतं. दमट हवेनं एखादी पट्टी दाबली की खालीच बसते, वरचे सूर उतरलेले. तासाभरात ओळख करून घ्यायची, त्याच्या खोडी कुठे आहेत ते बोटांना सांगायचं, आणि रात्री हसतमुखानं वाजवायचं.

ड्यूक एलिंग्टन पियानो वाजवायचा, पण त्याचं खरं वाद्य म्हणजे त्याचा बँड, असं जाणकार म्हणतात. ते वाद्य मात्र तो जगभर बरोबर घेऊन हिंडला. १९६३च्या सप्टेंबरात अमेरिकन परराष्ट्र खात्यानं त्याला दमास्कसला धाडलं. पुढे अम्मान, काबूल, दिल्ली, मुंबई, कोलकाता, कोलंबो, तेहरान, बगदाद. शीतयुद्धाचे दिवस होते. आमच्याकडे स्वातंत्र्य कसं नांदतं ते जगाला ऐकवायचं होतं. त्याच सप्टेंबरात अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. परदेशात पत्रकार ड्यूकला वर्णद्वेषाबद्दल विचारणार, हे उघड होतं. देशाची अब्रू राखायची आणि खोटंही बोलायचं नाही, ही कसरत कुठल्याही सोलोपेक्षा अवघड. नोव्हेंबरात अंकारात असताना केनेडींच्या हत्येची बातमी आली आणि दौरा तिथेच गुंडाळला गेला.

सरकारी हिशेबात या दौऱ्याचं फलित काय लिहिलं असेल ते असो. मला वाटतं, दौऱ्यातून संगीतात जे उरतं ते कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या तासांतून येतं. दिल्लीत ड्यूकचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न हॉटेलच्या खोलीत असताना बाहेर एक साळुंकी सारखी तीच लकेर घेत होती. आपण खिडकी लावून घेतली असती. त्यानं ती लकेर उचलली आणि जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटला दिली. ‘ब्लूबर्ड ऑफ देल्ही’ लावून पाहा: मागे अख्खा बँड गंभीरपणे चाललेला असतो आणि क्लॅरिनेट आपलं पाखरासारखं मध्येच तोंड घालतं. त्या पाखरानं तिकीट काढलेलं नव्हतं की परराष्ट्र खात्याची परवानगी घेतलेली नव्हती.

डेव्ह ब्रूबेकचंही तसंच. १९५८ साली अशाच सरकारी दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यानं वादकांना नऊ मात्रा वाजवताना ऐकलं. तीन-तीन-तीन नव्हे, दोन-दोन-दोन-तीन. त्यातून ‘ब्लू राँडो’ झालं. आपल्याला विषम मात्रांचं काय नवल! पण चारात वाढलेल्या कानाला पायाखालची पायरी हुकल्यासारखं झालं असणार.

आणि ज्यांचा दौरा संपलाच नाही, ते? टेडी वेदरफोर्ड हा शिकागोत नाव काढलेला पियानोवादक १९२६मध्ये आशियात आला तो इकडचाच झाला. शांघाय, मग तिसाच्या दशकात मुंबईचं ताज, शेवटी कोलकाता. १९४५मध्ये तिथेच कॉलऱ्यानं गेला, पन्नाशीही न गाठता. ताजमधल्या त्याच्या बँडमध्ये फ्रँक फर्नांड हा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून ही मुलं स्वरलिपी वाचायला शिकून मुंबईत येत. कागदावर लिहिलेलं काहीही वाजवत. कागदावर जे मावत नाही ते वेदरफोर्डसारख्यांच्या शेजारी बसून शिकली. मग हीच मंडळी चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरली. ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या चालींना जो झोक आहे, त्यात गोव्याच्या चिक चॉकलेटचा मोठा हात. भगवानदादांच्या पावलांवर आपण शिट्ट्या मारल्या, पण शिकागोची आठवण कुणाला झाली असेल असं वाटत नाही.

ड्यूकनं मात्र घाई केली नाही. ऐकलेलं सगळं मुरू दिलं आणि ‘फार ईस्ट सूट’ १९६६च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित केला. दौऱ्यातला बराचसा पूर्व आपल्या हिशेबी पश्चिमच, पण ते सोडा. त्यातली ‘इस्फाहान’ सर्वांत गाजली. जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन एका सुरावरून दुसऱ्यावर इतका सावकाश घसरतो की, ऐकणाऱ्याला इराणचे निळे घुमट दिसू लागतात. गंमत अशी की, स्ट्रेहॉर्ननं ही धून दौऱ्यावर निघण्याआधीच लिहून ठेवली होती. तेव्हा तिचं नाव होतं ‘एल्फ’. शहराचं नाव तिला मागाहून चिकटलं. इस्फाहानकरांनी याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.