पस्तीस की छत्तीस?

शाळेच्या वार्षिकात शिक्षकाने लेखणी उचलली की ती उपदेशाकडे वळावयाची, असा वाचकांचा समज असतो व तो बहुधा खराही ठरतो. आज मात्र तो अधिकार मला नाही. कारण जी हकीकत सांगावयाची आहे, तीत चूक माझी आहे आणि शहाणपण एका विद्यार्थिनीचे.

सन २०१४ मधील श्रावणाचे दिवस होते. शाळेत फिरत्या ढालीसाठी प्रश्नमंजूषेची स्पर्धा चालली होती व प्रश्नकर्त्याच्या खुर्चीवर मी होतो. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की, माझा आवाज मागील बाकांपर्यंत पोहोचेना. दोन गटांचे गुण समसमान झाले. मी शेवटचा प्रश्न विचारला, "महाराष्ट्रात जिल्हे किती?" आठवीतील एक मुलगी उठली आणि निःशंकपणे म्हणाली, "छत्तीस." माझ्या हातातील पुस्तकात पस्तीस छापले होते. मी "चूक" म्हणून प्रश्न दुसऱ्या गटाकडे दिला. त्यांनी पस्तीस सांगितले, टाळ्या पडल्या व ढाल त्यांच्याकडे गेली. ती मुलगी काही बोलली नाही. खाली बसताना तिने एकवार माझ्याकडे पाहिले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात एक तेलकट कागद होता. "सर, एवढे वाचाल का?" तो वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद होता. तिचे वडील मिरकरवाड्याहून मासेमारीस जाणाऱ्या नौकेवर खलाशी. घरी वर्तमानपत्र घेण्याची ऐपत नव्हती. परंतु जो छापील कागद घरात येईल तो वाचल्याखेरीज टाकावयाचा नाही, असा तिचा नेम होता. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट रोजी पालघर हा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला, ही बातमी त्या कागदावर होती. मी मान खाली घातली. पुढील प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर मी माझी चूक सांगितली. दुसऱ्या गटाने काही कपट केले नव्हते. म्हणून ढाल दोन्ही गटांनी सहा-सहा महिने ठेवावी असे ठरले.

या प्रसंगानंतर काही सहकाऱ्यांनी सुचविले की, चालू घडामोडींचे प्रश्न स्पर्धेतून काढूनच टाकावेत. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. वर्तमानपत्र सर्वांच्या घरी येत नाही. पाठ्यपुस्तक मात्र सर्वांपाशी असते. शिवाय बातमी आज खरी, उद्या शिळी. मीही होकार देण्याच्या बेतात होतो. परंतु रात्री विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. ज्या प्रश्नाने माझी फजिती केली, तो मी चालू घडामोडींचा म्हणून विचारलाच नव्हता! तो माझ्या लेखी भूगोलाचा, कायमचा प्रश्न होता. कायमचे म्हणून आपण जे पाठ करतो, त्यालाही तारीख असते, हे मी विसरलो होतो.

आपल्या रत्नागिरीचेच उदाहरण घ्या. मराठी वृत्तपत्रांचे आद्य जनक बाळशास्त्री जांभेकर यांचे जन्मगाव पोंभुर्ले. जुने पुस्तक म्हणेल, जिल्हा रत्नागिरी. नवे म्हणेल, जिल्हा सिंधुदुर्ग. दोन्ही आपापल्या काळी खरी आहेत, कारण १ मे १९८१ रोजी आपल्याच जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. याच बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढून वर्तमान मराठी माणसाच्या दारी आणले. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली आपल्या गावी आणला गेला, तेव्हा ती बातमी होती. आज आपण त्याचा राजवाडा इतिहास म्हणून पाहावयास जातो. आकाशातील ग्रहांचीही तीच कथा. २००६ पर्यंत नऊ म्हणणारा उत्तीर्ण होत असे. पुढे प्लूटो गळला आणि आठ म्हणणारा बरोबर ठरला.

तेव्हा चालू घडामोडी काढून टाकणे शक्यच नाही. त्या विचाराव्यात कशा, एवढेच आपल्या हाती आहे. गेल्या आठवड्यात कोणते पारितोषिक कोणास मिळाले, असे विचारले की पाठांतराची परीक्षा होते. परंतु जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांत आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. येथे तारीख विचारण्यापेक्षा, "या बारांतील महाराष्ट्राबाहेरचा किल्ला कोणता, आणि तो मराठ्यांच्या इतिहासात का आला?" असे विचारावे. जिंजी हे उत्तर देणाऱ्यास, रायगडास वेढा पडल्यावर छत्रपती राजाराम महाराज तामिळ देशी का गेले, हेही आठवावे लागते. नवी बातमी आणि जुना धडा अशा रीतीने एकमेकांस हात देतात.

राहिला गरिबाच्या मुलाचा प्रश्न. तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो. कोणत्या दिवसापर्यंतच्या घडामोडी विचारल्या जातील ते महिनाभर आधी सांगावयाचे, व तेवढे दिवस वर्तमानपत्र फळ्याशेजारी सर्वांसाठी लावावयाचे. प्रत्येक प्रश्नापुढे तो लिहिल्याची तारीख घालावयाची. आणि उत्तरावर कोणी हरकत घेतली, तर ती तपासल्यावाचून निकाल द्यावयाचा नाही. शिवाय वर्तमान केवळ छापील कागदावरच असते असेही नाही. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय समजावे?" असे एकदा विचारले, तेव्हा ज्यांच्या घरी दोन-दोन वर्तमानपत्रे येतात ती मुले गप्प राहिली आणि मिरकरवाड्याची मुले एकदम उठली. वादळी वाऱ्याची ती सूचना त्यांच्या घरी पोटापाण्याची बातमी असते.

पालकांस एक विनंती आहे. मुलाने जेवताना बातमी काढली, तर "आधी अभ्यास कर" असे म्हणून त्यास गप्प बसवू नये. त्या घटकेस तो अभ्यासच करीत असतो.

हा अंक वीस वर्षांनी कोणी उघडील, तेव्हा छत्तीस हाही आकडा कदाचित जुना झालेला असेल. एखादा विद्यार्थी उभा राहून निराळेच उत्तर देईल. त्या दिवशीच्या प्रश्नकर्त्याने "चूक" म्हणण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे, "बाळ, हे तू कोठे वाचलेस?"