कूलर की एसी? नागपूरच्या घरातला आमचा अनुभव

नागपूरला बेसा भागात आम्ही घर बांधलं. घर दुमजली, आणि वरच्या दोन्ही खोल्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब. मार्च सरता सरताच कळलं की नुसत्या पंख्यावर भागणार नाही. रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसायचा.

नवऱ्याला सगळीकडे एसी हवा होता. सासरे कूलरवर ठाम. "मले बंद खोलीत झोप येत नाही बेटा," एवढंच ते म्हणायचे. शेवटी खाली हॉलला लोखंडी कूलर आणि वर आमच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, असं ठरलं. एकाच घरात दोन्ही असल्यामुळे कुठे काय चालतं ते नीट पाहता आलं.

कूलर दुकानातल्या माणसाने खिडकीला लावला, पाणी भरून चालू करून दिला आणि तो गेला. पहिल्या संध्याकाळी छान वाटलं. मग हॉल हळूहळू कोंदट झाला, गादी दमट लागू लागली. समोरच्या काकूंनी येऊन पाहिलं आणि समोरची खिडकी वीतभर उघडली. कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो, तेवढी हवा बाहेर जायला वाट लागते. ही वाट मिळाली आणि तोच कूलर वेगळा वाटायला लागला. एसीचं नेमकं उलट, तिथे फट राहिली की वीज वाया.

मी गॅलरीत तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र टांगलं. मे महिन्यातल्या दुपारी ते 44 अंश आणि 20 टक्क्यांच्या आसपास दमटपणा दाखवायचं. तेव्हा कूलरच्या तोंडाशी हवा 29 अंशांची यायची. कारण साधं आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण पाऊण युनिटाच्या जरा खाली, इतकी उष्णता खेचतं. मोठा कूलर कोरड्या दुपारी तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. म्हणून त्या दिवसांत त्याची हवा एसीपुढे कमी वाटत नाही, आणि वीज लागते दोनेकशे वॅट. आमचा एसी पूर्ण जोरात असला की दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. महावितरणचे दर 100 आणि 300 युनिटांच्या टप्प्यांवर चढतात, त्यामुळे एसी रोज दुपारी लागला की बिलाचा आकडा नुसता वाढत नाही, वरच्या दरात जातो.

पण पाणी मात्र मोजावं लागतं. दिवसभर चालला की शंभर लिटरच्या वर. मे अखेर आमची बोअर खोल जाते आणि टँकर बोलवावा लागतो, तेव्हा हे पाणी जाणवतं. बोअरचं पाणी जड, त्यामुळे गवताच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो. थर धरला की ताटी मध्ये मध्ये कोरडी राहते आणि तिथून गरम हवा आत येते. नुसतं वरून पाणी भरत राहिलं तर क्षार टाकीत साठतच जातात. आम्ही दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करतो. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, त्यामुळे हा रविवार चुकवत नाही. ताट्या दर मोसमात नव्या. सासऱ्यांसाठी एका बाजूला वाळ्याची ताटी लावतो. ती महाग पडते, पण तो वास त्यांना हवा असतो आणि खरं सांगायचं तर आता मलाही.

वरच्या एसीने पहिल्याच मे महिन्यात त्रास दिला. दुपारी दोन ते पाच तो थंडच करेना, मध्येच बंद पडायचा. बसवणाऱ्याने बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या शेडखाली लावलं होतं. दुसऱ्या मेकॅनिकने समजावून सांगितलं, एसीची टनांची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे 45, वर त्या शेडखाली स्वतःचीच गरम हवा परत ओढतोय. युनिट उत्तरेला मोकळ्यावर हलवलं. पाइप वाढला, गॅस भरावा लागला, खर्च आमच्याच अंगावर आला. मग चालला. त्याच्या जोडीला गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. माझं मत विचाराल तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी हा रंग द्यावा, मग दुकानात जावं. रात्री भिंतीची धग उतरली आणि एसी 26 वर पुरू लागला.

नवतपात एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. घरच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. कूलर चालला. आम्ही सगळे उशा घेऊन खाली हॉलमध्ये आलो.

आणि मग जूनमध्ये पाऊस आला. दमटपणा 80 टक्क्यांवर गेला. बाहेर 31 अंश, कूलरच्या तोंडाशी जेमतेम दोन-तीन अंश कमी, आणि चादर अंगाला चिकटायला लागली. हवेत आधीच पाणी असलं की आणखी वाफ होणार कुठे? तेव्हा एसी उपयोगी पडतो, कारण तो हवेतलं पाणीही काढून टाकतो. सासरेच एका रात्री वर आले आणि म्हणाले, "लाव बेटा तुझं मशीन."

ठाण्याची माझी नणंद आमच्याकडचा कूलर पाहून तसाच घ्यायला निघाली होती. मी तिला नको म्हटलं. तिथे मे महिन्यातही हवा दमट. ती चिडली थोडी, पण तिच्या घरात तो पैसा वायाच गेला असता. कोणी विचारलं की मी आता तापमान विचारत नाही, दुपारी दोरीवरचे कपडे किती वेळात वाळतात ते विचारते.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. गेल्या मोसमात माझा मुलगा कूलरमध्ये पाणी भरत होता. पत्र्याला हात लागताच त्याला झिणझिण्या आल्या आणि त्याने पाइप टाकून दिला. त्याला काही झालं नाही, पण माझे हात किती तरी वेळ थरथरत होते. इलेक्ट्रिशियनने पाहिलं तर पंपाच्या वायरचं आवरण तडकलेलं, आणि प्लगला अर्थिंगची पिन असूनही भिंतीतल्या सॉकेटला मागून अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. बांधकामाच्या वेळी ती तशीच सोडून दिलेली. तार जोडली, पंप बदलला, मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. आता पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, पायात चप्पल हवी, आणि मुलांनी भरायचं नाही. एसीसाठी 4 चौरस मिलिमीटरची वेगळी तार आणि वेगळा एमसीबी आहे की नाही तेही त्याच वेळी तपासून घेतलं.

इलेक्ट्रिशियन घरात होताच, म्हणून संध्याकाळी त्याला शेजारीही नेलं. काकूंच्या सॉकेटमध्येसुद्धा अर्थिंगची तार जोडलेली नव्हती.