फौजेत जाणारा आणि न जाणारा

आमच्या भंडारा जिल्ह्यात फौज हा काही लांबचा विषय नाही. जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे. 24 जानेवारी 2025 ला तिथे स्फोट झाला, कामगार दगावले, आणि सबंध जिल्हा सुन्न झाला. पलीकडे कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. आणि दिघोरीसारख्या गावात धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पहाटे पोरं घड्याळ लावून धावतात. 1.6 किलोमीटरची धाव किती मिनिटांत मारली, हे त्यांना गणिताच्या गुणांपेक्षा चांगलं पाठ असतं. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून घराघरांत एकच चर्चा: चार वर्षांची नोकरी, त्यातून जास्तीत जास्त 25 टक्के कायम, बाकीच्यांचं पुढे काय?

मुसलमान घरात या चर्चेला आणखी एक पदर असतो. मुलगा भरतीला निघाला की आपल्यातलेच काही जण विचारतात, "कोणासाठी जातोस?" आणि नाही गेला की बाहेरचे काही जण विचारतात, "का नाही गेलास?" पहिल्या प्रश्नात दीनदारी मोजली जाते, दुसऱ्यात देशप्रेम. मापणारे वेगळे, पण तराजू सारखाच खोटा. इतकी वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवताना आम्ही हे दोन्ही प्रश्न पुष्कळ ऐकले. गावात निवडणूक लागली की ते जास्तच जोरात ऐकू येतात.

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. त्यामुळे "माझी सद्सद्विवेकबुद्धी मला शस्त्र घेऊ देत नाही" असा अर्ज कोणा अधिकाऱ्यापुढे करायची वेळ आपल्या मुलांवर येत नाही. इंग्लंडमध्ये 1939 च्या कायद्याने अशा माणसांसाठी खास न्यायमंडळं नेमली होती. आपल्याकडे हे न्यायमंडळ पानटपरीवर बसतं.

पण हा प्रश्न आपल्या विदर्भात एकदा फार मोठ्या पातळीवर उभा राहिला होता. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉयने इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. मग प्रत्येकाला ठरवावं लागलं, या युद्धाला हात द्यायचा की नाही. जून 1940 मध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी बसली. मौलाना अबुल कलाम आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: अहिंसा हे आमचं धोरण आहे, ती आमची श्रद्धा नाही, देश आझाद करा, मग आम्ही लढायला तयार आहोत. त्याच कार्यकारिणीत खान अब्दुल गफ्फार खान होते. ते पठाण, हातात बंदूक घेऊनच वाढणाऱ्या मुलखातले. पण त्यांच्यासाठी अहिंसा हा ईमानाचा भाग होता. काँग्रेस देशरक्षणासाठी शस्त्र मान्य करतेय हे दिसल्यावर जुलै 1940 मध्ये त्यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला.

दोघेही नमाजी, दोघेही कुरआन वाचणारे, आणि एकाच प्रश्नावर दोन टोकांना. यातला खरा मुसलमान कोणता, असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

पुढे इंग्रजांनी आझादी द्यायचं नाकारलं. 17 ऑक्टोबर 1940 ला वर्ध्याजवळ पवनार इथे विनोबा भावे युद्धविरोधी भाषण करून पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले आणि चारच दिवसांत तुरुंगात गेले. दुसरे नेहरू. पुढे मौलानांनाही अटक झाली.

याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांना सांगत होते, फौजेत भरती व्हा. त्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात त्यांची पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. बाबासाहेबांचे वडील फौजेत सुभेदार होते, फौजेच्या शाळेत शिकवायचे. (आम्हा शिक्षकांना याचं विशेष वाटतं.) फौजेमुळेच त्या घरात अक्षरं आली. ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, त्याच्यासाठी फौजेचा गणवेश ही नुसती नोकरी नसते. 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले.

आता ऑगस्ट 1942 नंतरचं चित्र पाहा. बाबासाहेब दिल्लीत मंत्री. नेहरू आणि मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत. तिथेच मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली, आणि ते तिथे असतानाच 1943 मध्ये बेगम जुलेखा कलकत्त्यात अल्लाहला प्यारी झाल्या. बादशाह खानही गजाआड. 1944 च्या त्याच वसंतात इम्फाळच्या डोंगरात जमादार अब्दुल हफीज इंग्रजांच्या फौजेकडून लढताना 6 एप्रिलला शहीद झाले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि त्याच आघाडीवर, समोरच्या बाजूला, आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान आपली तुकडी घेऊन उभे होते. एकच युद्ध, आणि इतके वेगवेगळे निर्णय. यातला कोणीही घाबरून घरात बसलेला नव्हता.

या माणसांनी एकमेकांना दुखावलं नाही असं आम्ही म्हणणार नाही. 1945 मध्ये बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधीजींवर टीकेचं आख्खं पुस्तक लिहिलं. काँग्रेसवाल्यांनीही त्यांच्यावर शब्द राखून टीका केली नाही. तरी 15 ऑगस्ट 1947 ला पहिलं मंत्रिमंडळ बसलं तेव्हा युद्धाला विरोध करून तुरुंग भोगलेले नेहरू पंतप्रधान होते, मौलाना शिक्षणमंत्री आणि युद्धाला साथ देणारे बाबासाहेब कायदामंत्री. राजकारणातलं वैर संपलं होतं का? नाही. 1954 मध्ये आपल्याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने बाबासाहेबांना हरवलं. वैर चालू राहिलं. पण युद्धात तू कुठे होतास, यावरून संविधान लिहिणाऱ्या हाताला कोणी अडवलं नाही. विनोबा, बादशाह खान, बाबासाहेब, मौलाना या चौघांनाही पुढे भारतरत्न मिळालं.

दीनच्या इतिहासातही हे आहे, आणि आपल्या घरांत ते कमी सांगितलं जातं. हजरत अली (रजि.) यांच्या काळात जमल आणि सिफ्फीनची युद्धं झाली. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) त्यात उतरले नाहीत. कादिसियाची लढाई जिंकणारे सेनापती होते ते. त्यांना भित्रा कोण म्हणणार? हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनीही तलवार उचलली नाही. आणि हजरत अली (रजि.) यांनी त्यांना जबरदस्तीने मैदानात ओढलं नाही.

आता आमच्या गावाकडे येतो. नावं सांगत नाही, कारण माणसं रोज भेटतात. ग्रामपंचायतीच्या एकाच वॉर्डात दोन मुसलमान उमेदवार समोरासमोर होते. एकाचा मुलगा अग्निवीर म्हणून नुकताच भरती झाला होता. दुसऱ्याचा मुलगा ऑनलाइन परीक्षा पास झाला, पण मैदानी चाचणीला गेलाच नाही. आमच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, धावायला भीती नाही वाटत. समोरच्या माणसावर नेम धरणं माझ्याच्यानं होणार नाही." त्याने नर्सिंगला नाव घातलं. गावात मात्र झालं असं, की पोरगा पळाला. त्याच्यासाठी ठरत आलेला रिश्ता मुलीकडच्यांनी थांबवला. त्याची अम्मी आमच्या घरी येऊन रडून गेली.

प्रचाराला आयतं हत्यार मिळालं होतं. अग्निवीराच्या बापाच्या पॅनलमधल्या पोरांनी मोबाइलवर फिरवायला मजकूरही तयार केला: आमच्याकडे फौजी, त्यांच्याकडे भगोडा. तो त्यांनी चाचांना वाचून दाखवला. चाचा काही मोठे शिकलेले नाहीत, धानाचा व्यापार करतात, तोंडाने फटकळ आहेत. ते म्हणाले, "नळयोजनेवर बोला, रस्त्यावर बोला, त्याच्या बापाने काय काय खाल्लं त्यावर बोला. पोराचं नाव घ्यायचं नाही. माझं पोरगं त्याच्या मर्जीने गेलं, त्याचं त्याच्या मर्जीने नाही गेलं." एकाने हट्ट केला, मतं जातील म्हणाला. चाचांनी त्याच्या हातातला मोबाइल घेऊन मजकूर स्वतः पुसला.

त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर तो मजकूर संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत पोचला असता, आणि त्या मुलाच्या नावाला तो कायमचा चिकटला असता. निवडणूक उद्या संपते, पण असा शब्द एखाद्याच्या निकाहापर्यंत आणि नोकरीपर्यंत मागे येतो. उलट बाजूचंही आम्हाला सांगायचं आहे. चार वर्षांनी परत येणाऱ्या मुलांचं काय, असं विचारणारा बाप देशाचा वैरी नसतो. आणि पगार घरी यावा म्हणून भरती झालेल्या मुलाला "दुनियेसाठी गेला" म्हणणारा काही फार मोठा परहेजगार नसतो. नियत कोणाची काय, ते अल्लाहला माहीत.

चाचा ती निवडणूक हरले, थोड्याच मतांनी. त्यांचा मुलगा सध्या उत्तरेत कुठेतरी तैनात आहे, आठवड्यातून दोनदा फोन करतो. दुसरा मुलगा भंडाऱ्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिश्ता दुसरीकडे ठरला. दोघांचे बाप जुम्याला बहुतेक एकाच सफेत उभे असतात. नळयोजनेवरून त्यांचं अजून पटत नाही, आणि पुढच्या वेळी दोघेही पुन्हा उभे राहणार आहेत.